आठ पायांचं बिनकानाचं जनावर

हाल्बेरा आणि आठ पायांच्या घोड्याची पहिली भेट झाली तेव्हा, तिच्या सांगण्याप्रमाणे, आभाळ उभं फाटलं, हिमनदी हुंदका देऊन मागे सरली आणि साक्षात ओदिन देवाचा घोडा स्लेप्निर तिच्यापुढे गुडघे टेकून बसला. आठही गुडघे. तिचा नवरा तिर्फिंगुर त्या वेळी तिच्याशी फोनवर बोलत होता. त्याला फक्त "अगं बाई!" एवढंच ऐकू आलं, तेही सुक्या माशाचा तुकडा चघळत म्हटलेलं.

देवाची गरज मात्र तिला खरोखरच होती. उन्हाळाभर डोंगरावर मोकळी सोडलेली गावाची मेंढरं थंडीच्या तोंडावर खाली आणायची, तर सगळ्यांच्या पुढे एक डोंगरराजा लागतो. बाई असली तरी राजाच म्हणायचं. हाल्बेरा वर्षानुवर्षं राजा होती, कारण तिच्याकडे स्कुग्गी नावाचा पुढारी मेंढा होता. वादळातही त्याला वाट सापडायची. तो वसंतात म्हातारपणाने गेला आणि राजेपदावर डोळा ठेवून असलेल्या गावातल्या स्नैब्योर्नने लगेच दोन उडते कॅमेरे घेतले. त्यांना नावं दिली ओदिनच्या दोन कावळ्यांची, हुगिन आणि मुनिन.

गावाचे सगळे निर्णय पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात होतात. तिथे गळ्यापर्यंत बुडून स्नैब्योर्न म्हणाला, "हाल्बेरा, तू आता मोजे विण. डोंगर माझे कावळे बघतील."

"तुझ्या कावळ्यांना आधी अंगरखे विणून देते. गारठतील बिचारे."

"यंदा एक जरी मेंढी मागे राहिली, तर राजेपद माझं. कबूल?"

"कबूल!" म्हणाली ती. नंतर घरी जाऊन उशीत तोंड खुपसून स्वतःलाच शिव्या दिल्या.

आणि नेमकं यंदाच बर्फ लवकर आलं. कावळे गारठून ओढ्यात पडले. हाल्बेराला स्वतःचे हातमोजे दिसेनात. मेंढरं जागच्या जागी खिळली. तेवढ्यात ते समोर आलं. आठ पाय, ऊबदार पोट, दोनांतला एक दिवा फुटलेला. ओदिनलाही एकच डोळा. ओळख पटली.

बिनखुणेचं जनावर दिसलं की त्याच्या कानाला मालकीची खाच पाडायला इथल्या माणसाचा हात आपोआप सुरीकडे जातो. या घोड्याला कान नव्हते, डोक्याजवळ नुसती रबराची पट्टी लोंबत होती. हाल्बेराने तिच्यावर आपल्या घराण्याच्या दोन खाचा पाडल्या. घोडा चालू लागला. उबेमागे मेंढरं आणि मेंढरांमागे राजा.

संध्याकाळी खाली कोंडवाड्यात एकही मेंढरू कमी नव्हतं.

"पण ही तू कुठे आणलीस?" स्नैब्योर्न ओरडला. "या यंत्राने आणली!"

"यंत्र कुणाचं, ते विचार."

"याला कान तरी आहेत का?"

तिने पट्टी वर उचलून दाखवली. म्हातारी गुद्फ्रिदुर कोंडवाड्याची पंच. तिने खाचा बोटांनी चाचपल्या. "खूण हाल्बेराची. जनावर हाल्बेराचं. म्हणजे मेंढरंही तिनेच आणली."

आठ पायांच्या जनावराची बातमी ऐकून दुसऱ्या दिवशी राजधानीतून अंतराळ खात्याची इसोल्द आली. चंद्रावरून परतणारं एक मालवाहू यान जुलैत गायब झालं होतं आणि सगळं जग ते समुद्रात शोधत होतं.

"हे त्याच यानातलं ओझं वाहणारं यंत्र," ती म्हणाली. "यान फुटलं तरी हे यानाच्या साद देणाऱ्या डब्याकडे चालत जातं. पण मग इकडे कशाला आलं?"

तिर्फिंगुर हळूच गवताच्या गंजीमागे सरकला.

"तिर्फिंगुर," हाल्बेरा म्हणाली, "कोंडवाड्याच्या दाराला तो चकचकीत गोल डबा कसला ठोकलायस?"

"माळावर सापडलं," गंजीमागून आवाज आला. "दार आपोआप मिटायला वजन हवं होतं ना."

इसोल्दने कपाळाला हात लावला. डबा तिने काढून घेतला. यंत्रही मागितलं, पण गुद्फ्रिदुरने मान हलवली. "कान कापलेलं जनावर परत जात नाही, पोरी. मटणाचं सूप घे."

इसोल्दने वरिष्ठांना विचारलं. त्यांना डबा पुरेसा होता. ती दोनदा सूप वाढून घेतल्यावरच गेली.

त्या रात्री कुंडात हाल्बेरा इतकी मोठ्याने गात होती, की स्नैब्योर्न शेवटी पाण्याखाली गेला.

डबा गेल्यावर घोड्याला जायला कुठेच उरलं नाही. गोठ्यात उभा केला होता तिथेच तो उभा राहिला. हाल्बेरा आणखी दोन वर्षं राजा होती. मग तिचा गुडघा बदलावा लागला आणि राजेपद स्नैब्योर्नकडे गेलं. घोड्यावर आता कोंबड्या बसतात.