नन्ना सर आणि पिशोरची पायरी

नन्ना सरांकडे दगड घेऊन जाणं म्हणजे हौसेनं तोंडावर आपटणं. सर भूशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्त झाले तरी संभाजीनगरात आणि आसपासच्या गावांत कुणाला काही विचित्र दगड सापडला की तो सरांपुढे यायचाच. डायनासोरचं अंडं, नागाचा मणी, आकाशातून पडलेली उल्का. सर भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, "नाही." हा नन्नाचा पाढा इतका ठाम, की आम्ही विद्यार्थ्यांनी त्यांचं नावच ते ठेवलं. "आपण गार झालेल्या लाव्हारसावर राहतो रे," ते म्हणायचे. "उकळत्या कढईत कोण अंडं घालायला बसेल?"

पण नाही म्हणायलासुद्धा ते स्वतः जायचे. फोटो बघून नाही म्हणणं त्यांना पटत नसे. माझ्या मोटारसायकलवर मागं बसायचे, गळ्यात भिंग, हातात पाण्याची बाटली. ते पाणी प्यायचं नाही, दगडावर ओतायचं. "ओला केल्याशिवाय दगड बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग परतताना माझी बाटली रिकामी करायचे.

असेच एकदा आम्ही पिशोरला गेलो. गयाबाई नावाच्या बाईंना शेतात नारळाएवढं अंडं सापडलं होतं. त्यांनी ते जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेलं. सरांनी पाणी ओतलं, भिंग लावलं. "नाही हो. साधा काळा दगड झिजून गोल झालाय. कांद्यासारखे पापुद्रे सुटलेत बघा." गयाबाईंचा चेहरा पडला, पण त्यांनी चहा ठेवलाच.

नव्या घराच्या दारात राखाडी फरशीची लांबरुंद पायरी होती. सर तिच्यावर टेकले. चहाची बशी कलंडली. रुमालानं पुसता पुसता सर थांबले आणि बघता बघता गुडघ्यांवर आले. ओल्या फरशीत रेघा उमटल्या होत्या. उपड्या वाट्या एकीवर एक रचाव्यात तशा, सगळ्यांचे फुगवटे एकाच दिशेला.

"बाई, लिंबू आहे का? लवकर!"

गयाबाईंना वाटलं चहात हवंय. त्यांनी कापून आणलं, तर सर चाकूनं पायरी खरवडून भुकटीवर लिंबू पिळायला निघाले. बाई ओरडल्याच, "अहो सर, दारात लिंबू पिळू नका! लोक काय म्हणतील, कुणी करणी केली म्हणतील ना!"

पण थेंब पडला होता. भुकटी बारीक फसफसली. चुनखडक! "ही फरशी आपल्याकडची नाहीच!" सर ओरडले. बाईंनी सांगितलं, पडेगावच्या दुकानातून आणली, कर्नाटकच्या खाणीतली आहे म्हणत होते. सरांनी माझा दंड असा आवळला की वळ उठला. "अरे, स्ट्रोमॅटोलाइट! कदाचित, हं. कदाचित! पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय पक्कं नाही." पण डोळे लहान पोरासारखे चमकत होते. जन्मभर लाव्हारस शिकवलेल्या माणसाला आदिम जिवांचा माग दारातल्या पायरीत भेटला होता.

"तुम्हाला पायजे का ही पायरी?" गयाबाई म्हणाल्या. "न्या की. दुसरी बसवू. पर हाय तरी काय तिच्यात?"

मी सरांना कोपरानं ढोसलं. गप्प राहिले असते तर संध्याकाळपर्यंत पायरी टेम्पोत चढली असती. पण सर फतकल मारून बसले आणि सांगत सुटले. माणूस नव्हता, झाड नव्हतं, मासासुद्धा नव्हता, तेव्हा उथळ पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव थरावर थर रचत होते. आज आपण ज्या हवेवर जगतो, तिच्यात प्राणवायू भरला तो असल्याच जिवांनी.

गयाबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. "मंग आपला श्वास यांच्यामुळं व्हय?"

"व्हय," सर म्हणाले. जन्मात पहिल्यांदा हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला.

"मंग नाय द्यायची," गयाबाई म्हणाल्या. "आन् तुकडाबी नाय काढायचा."

परतताना मी चिडलो होतो. सर मागून म्हणाले, "तिनं विचारलं ना रे. विचारल्यावर सांगायचं नाही, तर मी जन्मभर केलं काय?" आणि कन्नड गाव येईपर्यंत बेसूर गात राहिले.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी आमची पिशोरची फेरी ठरलेली. फोटो पाहून एका जुन्या मित्रानं सरांना कळवलं, शक्य आहे, पण काप हवा. सर दरवेळी पायरी ओली करायचे, बघत बसायचे. काप मात्र कधी मागितला नाही. उत्तर कळावं म्हणून हा माणूस किती तळमळत होता, ते मला माहीत आहे.

यंदा उन्हाळ्यात सर गेले. मला अजून त्यांची फार आठवण येते. गयाबाईंना सांगायला मी एकटाच गेलो. पायरीजवळ गावातली दोन-चार माणसं उभी होती. एकजण म्हणाला, हा करोडो वर्षांचा जीवाश्म आहे. गयाबाई लगेच म्हणाल्या, "पक्कं नाय अजून. सर 'कदाचित' म्हणले व्हते."

सरांचं कळल्यावर त्या पायरीवर टेकल्या. मग आत गेल्या आणि छिन्नी-हातोडा घेऊन आल्या. "कोपरा काढा. लई जीव व्हता त्यांचा यात. त्यांचं राहिलं, आपण तरी बघू."

तो तुकडा मी तपासायला पाठवलाय. रोज संध्याकाळी गयाबाईंचा फोन येतो. "काय म्हणले?"

"अजून नाही," मी सांगतो. फोन ठेवतो, आणि हात आपोआप सरांचा नंबर शोधायला लागतो.