पुलावर आडवी लावलेली बस

आमच्या बसचे ड्रायव्हर म्हणजे जगत्काका. हे नाव मीच ठेवलेलं, कारण साऱ्या जगाची काळजी एकट्या त्यांनाच. आमची बस सरहद्दीपलीकडे जाते. पुलाच्या या टोकाला आपलं फाटक, त्या टोकाला त्यांचं. गाडी पुलावर आली की काका सुरू! "बघ पोरी, एक दिवस ही फाटकं जाणार. सगळ्या जगाला एकच कायदा. त्यात आधी माणूस, मग देश." मी कंडक्टर, माझंही तोंड काही कमी नाही. म्हणायचे, "आधी आपल्या डेपोतला नळ दुरुस्त होऊ द्या, मग जगाचं बघू."

त्या दिवशी आपल्या फाटकातून निघालो आणि एका बाईला कळा सुरू झाल्या. पूल संपेपर्यंत बाळ माझ्या हातात! मी आणि एक म्हातारी प्रवासी, दोघींनी निभावलं. बाळ ठणठणीत, पण आईचं रक्त थांबेना.

दवाखाना पलीकडे, हाकेच्या अंतरावर. पण त्यांच्या फाटकावरचा अधिकारी म्हणे, "आईला सोडतो, तिच्याकडे पासपोर्ट आहे. बाळाकडे काय आहे? त्याला परत न्या." मी आपल्या फाटकाला फोन लावला, तर तिथला म्हणे, "आमच्याकडून बाळ गेलंच नाही, मग परत कसं घेऊ?" आई पांढरीफटक पडलेली, तरी बाळाला सोडायला तयार नाही. माझं डोकंच फिरलं. "काका, काढा ना आता तुमचा जगाचा कायदा!" मी ओरडले.

फाटकाच्या तोंडाशीच काकांनी बस आडवी लावली आणि किल्ली खिशात टाकली. दोन्हीकडे ट्रकांच्या रांगा, हॉर्नचा नुसता गदारोळ.

"गाडी हलवा!" अधिकारी खेकसला.

"बाळ कुणाचं ते तुम्ही दोघं ठरवा. तोवर पूल त्याचा."

आपला अधिकारी धापा टाकत पूल ओलांडून आला. इतकी वर्षं समोरासमोर उभे असलेले ते दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले, तेही तावातावाने. मग पलीकडच्याची नजर बसच्या पायरीवरच्या रक्तावर गेली. त्याचा आवाजच उतरला. "कागदांचं मागाहून बघू. आधी दोघांना न्या." आपल्याने स्ट्रेचरचं एक टोक धरलं आणि तडक दवाखान्यापर्यंत गेला. पासपोर्टाशिवाय सरहद्द ओलांडली, हे त्या शहाण्याच्या ध्यानातही आलं नाही.

तिथूनच त्याचा फोन आला. दोघंही सुखरूप! हुश्श! मी मटकन सीटवर बसले. हसू की रडू कळेना.

काका अजून स्टिअरिंग धरून बसले होते. "ती गेली असती ना पोरी," ते म्हणाले, "तर मी जगाबद्दल पुन्हा तोंड उघडलं नसतं."

मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "काढा गाडी, काका. आणि गप्प बसलात ना, तर माझ्याशी गाठ आहे."