पावलांनी मोजलेली विमानं

काचबिंदूनं द्रौपदीची नजर पुरती गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. उजेड आणि अंधार एवढाच फरक तिला कळायचा. निजामपुऱ्यातल्या चाळीतल्या दोन खोल्यांत तिचं काही अडत नव्हतं. गॅस, मोरी, मांडणी सगळं हाताच्या सवयीचं होतं. पण उंबऱ्याबाहेर ती एकटी पाऊल टाकेना. पंचवीस वर्षं यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरणारी, भाजीवाल्याला जेरीस आणणारी ही बाई आता दवाखान्यात जायचं झालं तरी नवऱ्याचा दंड दोन्ही हातांनी धरायची.

"बाहेर किती मोकळं हाय तेच कळत न्हाय हो," ती म्हणायची. "पुढं भिंत हाय का खड्डा, मला काय माहीत?"

तिचा नवरा बाळाराम गोदामांच्या जमिनीवर पिवळे पट्टे मारायचा. माल कुठे रचायचा, फोर्कलिफ्टनं कुठून जायचं, हे त्या पट्ट्यांवरून ठरतं. वीस वर्षं तेच केल्यामुळे त्याला फुटांचा अंदाज नजरेनंच यायचा. बोलायला तो कमी, पण रविवारी दुपारी द्रौपदीला पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचा.

एका रविवारी पुरवणीत जगातल्या संग्रहालयांमधल्या जुन्या, मोठ्या विमानांवर लेख होता. बाळाराम रंगात येऊन वाचत होता. माणसाच्या पहिल्या विमानाचे पंख चाळीस फूट. गोव्यात नौदलाच्या संग्रहालयात प्रवासी बनावटीचं एक जुनं विमान आहे, त्याचे एकशेतेवीस. आणि अमेरिकेत एक लाकडी विमान आहे, त्याचे पंख तीनशेवीस फूट.

"म्हणजे केवढं?" द्रौपदीनं विचारलं.

"इथं चित्र दिलंय ना. सगळी एकावर एक काढलीत, कोण लहान, कोण मोठं ते लगेच..." बोलता बोलता तो गप्प झाला.

द्रौपदी कुशीवर वळून पडून राहिली. बाळारामनं पुरवणीची घडी घातली, ती त्या दिवशी पुन्हा उघडली नाही.

शनिवारी तो म्हणाला, "उद्या राहनाळला चल माझ्याबरोबर. काम हाय."

"मी येऊन काय करू?"

"चल तर खरी."

राहनाळला केसरीनाथ नावाच्या ओळखीच्या मालकाचे गोदामाचे गाळे होते. त्यातला मोठा, दोनशे फूट लांबीचा गाळा नव्या भाडेकरूसाठी रिकामा झाला होता आणि त्यात पट्टे मारायचं काम बाळारामकडे होतं. रिक्षातून उतरल्यावर द्रौपदीला आधी त्या जागेचा गारवा लागला, मग स्वतःच्याच पावलांचा घुमणारा आवाज आला. एवढ्या मोठ्या पोकळीत ती कधी उभी राहिली नव्हती. तिनं बाळारामचा दंड आणखी घट्ट धरला.

"चप्पल काढ," तो म्हणाला. "पायाखाली काय लागतं सांग."

जमिनीवर जाड सुतळी ताणून चिकटपट्टीनं बसवलेली होती. तळव्याला ती स्पष्ट लागत होती.

"ही पहिल्या विमानाच्या पंखांची लांबी. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी बाजूनं चालतो, पण धरणार न्हाय."

द्रौपदी बराच वेळ तशीच उभी राहिली. मग दंडावरचा एक हात सुटला, दुसराही सुटला. सुतळी पायानं चाचपत ती निघाली. वीस पावलांत टोक आलं.

"एवढंच? आपल्या चाळीतल्या चार खोल्या झाल्या."

"एवढंच. पण ते उडालं."

गोव्याच्या विमानाच्या पंखांना एकसष्ट पावलं लागली. काँकॉर्ड नावाच्या विमानाचे पंख बेचाळीस पावलांत संपले. अंगानं मात्र ते इतकं लांब, की गाळ्याच्या एका भिंतीला शेपूट लागलं आणि समोरच्या शटरला नाक. द्रौपदीला गंमत वाटली. "नुसती उंच, किडकिडीत पोरगी," ती म्हणाली. तोवर ती बाळारामच्या पुढं चालायला लागली होती.

लाकडी विमानाची सुतळी मागच्या भिंतीपासून निघाली होती. शंभर पावलांवर उघड्या शटरखालची लोखंडी पट्टी पायाला लागली. पुढं ऊन होतं.

"गाळा संपला," द्रौपदी थांबली.

"गाळा संपला, पंख न्हाय संपला. आवारात अजून एकशेवीस फूट हाय."

बाहेर टेम्पोचं इंजिन सुरू होतं. केसरीनाथचा आवाज आला, "ए, गाडी मागं घे. काकींना जाऊ दे." इंजिन दूर गेलं आणि बंद पडलं. हमालांचं बोलणंही थांबलं.

द्रौपदी उन्हात उतरली. तापलेली खडी पायांना पोळली, टोचली. ती मोठ्यानं पावलं मोजत राहिली. एकशेतीस. एकशेचाळीस. एकशेसाठाव्या पावलाला सुतळी संपली.

"अहो," ती वळून म्हणाली, "कुठं हाय तुम्ही?"

"शटरपाशीच थांबलो होतो." आवाज लांबून आला. तो पुढं म्हणाला, "तू एकटीच गेलीस."

घरी परतताना रिक्षात तिनं विचारलं, "एवढं मोठं ठेवलंय कशात?"

"त्याच्यासाठी संग्रहालयाची वेगळी इमारत बांधलीय. उडालं एकदाच, तेही मिनिटभरसुद्धा न्हाय."

"तरी जपलं," द्रौपदी म्हणाली.

डिसेंबरात दोघं गोव्याला गेली. त्यांची मुलगी धम्मदिना ठाण्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे; तिनंच तिकिटं काढली. संग्रहालयात विमानं उघड्यावर उभी होती. बाळारामनं पहारेकऱ्याला सगळं सांगितलं. पहारेकरी म्हणाला, "आईंना चाकाला हात लावू द्या. सावकाश."

त्या एकशेतेवीस फुटी पंखांच्या विमानाचं रबरी चाक द्रौपदीनं दोन्ही हातांनी चाचपलं. चाकावरचा लोखंडी पाय वर वर जात होता. हात पुरा उंचावला, तरी संपेना. मग ती पंखाखालून चालू लागली. पंखाची सावली गार होती. ती संपली की ऊन गालावर यायचं. सावलीतून उन्हात, उन्हातून परत सावलीत, अशी ती कितीतरी वेळ जात-येत राहिली.

"तुम्ही मला उंची दाखवलीच न्हाय," ती बाळारामला म्हणाली. "राहनाळला सगळं जमिनीवरच होतं. हे तर डोक्यावर आभाळासारखं पसरलंय."

बाळाराम जरा खजील झाला. "माझं काम जमिनीवरचंच गं. उंचीचं मला सुचलंच न्हाय."

"बरं झालं. सगळं तिथंच कळलं असतं, तर इथं आलो असतो का?" असं म्हणून तिनं त्याचा हात शोधून हातात घेतला. धरून चालण्यासाठी नव्हे. तो नुसताच हातात ठेवून ती त्या सावलीत उभी राहिली.

जानेवारीपासून धम्मदिना तिला पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणाऱ्या एका बाईंकडे नेऊ लागली. द्रौपदी दोनदा पडली, एकदा गुडघा सोलला, तरी तिनं जाणं सोडलं नाही. मार्चात ती गल्लीच्या टोकापर्यंत एकटी जाऊन मेथीची जुडी घेऊन आली. जुडी शिळी निघाली, म्हणून परत गेली आणि भाजीवाल्याशी भांडून बदलून आणली.

बाळाराम दारात उभा राहून गल्लीच्या टोकाकडून येणारं तिचं भांडण ऐकत होता. ती आल्यावर म्हणाला, "विशाखापट्टणमला समुद्रकाठी एक विमान हाय म्हणे. त्याचे पंख पन्नास मीटर."

"फुटात सांगा."

"एकशेचौसष्ट."

द्रौपदी मेथी निवडायला बसली. "पावसाळा सरला की जाऊ," ती म्हणाली. "आणि तिथं पोचेपर्यंत त्याच्याबद्दल आणखी काही सांगू नका."