कूलरसमोरचा कॉम्प्युटर

पिंप्राळ्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्या शेजारी एक अनोळखी आबा बसले होते. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला सीपीयू, लहान लेकराला धरावा तसा. दुकानदाराने तो उघडला आणि कपाळाला हात लावला.

"आबा, आतून गंजलाय हा. कूलरसमोर ठेवला होता का?"

"मे महिना शे ना भाऊ. प्रोसेसरना आठी कोर दिनभर चालतस, तापतस."

मग आबांनीच सांगितलं: औषधं शोधणाऱ्या शास्त्रज्ञांचे हिशेब आबांचा कॉम्प्युटर घरबसल्या, इंटरनेटवरून, फुकट करून द्यायचा. तो तापू नये म्हणून घरातला एकुलता एक कूलर त्यांनी त्याच्याकडे वळवला होता. ओलसर हवेने घात केला. आबा स्वतः पंख्याखाली बसत असणार; मानेवर घामोळं उठलेलं दिसत होतं.

दुरुस्तीचं त्यांनी काही विचारलंच नाही. "एक हिसाब अर्धा व्हयेल व्हता. तो वाया गया का?"

"नाही आबा," दुकानदार म्हणाला. "तुमच्याकडून वेळेत गेला नाही, की तोच हिशेब ते दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरला देतात."

आबांनी टॉवेलाने मान पुसली, जरा विचार केला.

"मंग त्याले सांगी द्या, कूलर लावू नको."

दुकानदार आणि मी, आम्ही दोघं हसलो. आबा हसले नाहीत.