उद्धवरावांच्या नातीचं रक्त

उद्धवरावांच्या घरी नात झाली म्हटल्यावर पुनमनं ठरवून टाकलं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. जाऊ दे त्या बाळाच्या टाचेचं रक्त आजोबाच्याच लॅबमध्ये, येऊ दे तसाच 'सगळं नॉर्मल' म्हणणारा कागद, आणि मग बसू दे म्हाताऱ्याला तिच्यासारखं कपाळ बडवत. कुणाच्या तान्ह्या लेकराबद्दल असं चिंतू नये, हे तिलाही कळत होतं. पण कळतं म्हणून राग थोडाच जातो!

आता ही पुनम काही जन्माची कजाग बाई नव्हे. चाकणजवळच्या वाडीतली, हसायला लागली की सासूलाही पदर तोंडाला लावायला लागायचा. नवरा बाळू कंपनीत बाहेरून येणारा माल तपासतो. मंजुरी नसलेल्या पुरवठादाराचा साधा बोल्ट आत येऊ देत नाही, असा कडक गडी. पण लेक ओवी जन्मली, जन्मजात आजार बघायला तिच्या टाचेचं रक्त तपासायचं ठरलं, तेव्हा हाच बाळू म्हणाला, "अण्णांची लॅब हाय की! घरचा माणूस सोडून परक्याकडं कशाला?" अण्णा म्हणजे उद्धवराव, बाळूचे चुलत चुलते. भावकीत मान्यतेचा कागद मागायचा म्हणजे तोंडावर अपमान. मग कुणी मागितलाच नाही.

रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. ओवी रडायची कमी, झोपायची फार. किती गुणाची पोर, म्हणून सगळे कौतुक करायचे! सात महिन्यांनी थेरगावच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासायला लावलं, तेव्हा कळलं की पोरीची थायरॉईडची गाठ जन्मापासूनच काम करत नाही. पहिल्या दिवसांतच गोळी सुरू झाली असती, तर ती चारचौघींसारखी वाढली असती. जुना रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, "अहो, लॅबला मान्यता सरसकट नसते, एकेका तपासणीची असते. यांना साखरेची आहे, या तपासणीची नाही." मोबाईलवर मान्यतेची यादी बघितली तर खरंच तसं होतं. कुणालाही दिसलं असतं. पुनमनं तिथंच हंबरडा फोडला.

आणि उद्धवराव काय म्हणाले असतील? "मशीन चुकलं आसंल. देवाची मर्जी." झालं! भावकीनं बाळूला गप्प बसवलं. पुनम दिवस गेलेल्या बायकांना सांगत सुटली, मान्यता बघा, दुसरीकडं पाठवा. तर बायका म्हणाल्या, पोरीच्या दुःखानं हिचं डोकं फिरलंय. सासू तानाबाईसुद्धा म्हणाली, "गप ऱ्हा बाई, घरचीच माणसं हायती." मग ती गप्प झाली, पण एक दिवसही विसरली नाही.

बाळाच्या पाचवीला ती अडीच वर्षांची होऊनही धरल्याशिवाय उभी न राहणाऱ्या ओवीला कडेवर घेऊन सासूबरोबर गेलीच. बायकांनी घर भरलेलं, पाटा-वरवंटा पुजून झालेला. उद्धवरावांची सून विजयश्री बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. पुनमला वाटलं होतं, बघून आत थंड वाटेल. कसलं काय! बाळ गाढ झोपलेलं, अगदी ओवीसारखं. मेलं हे काळीजच नालायक! ती विजयश्रीच्या कानाशी वाकली.

"विजू, टाचेचं रक्त घेतलं का गं? माझं ऐक, अण्णांच्या लॅबवर इसंबून ऱ्हाऊ नको. दुसरीकडं पाठव."

"पाठवलं की ताई," विजयश्री भोळेपणानं म्हणाली. "मामंजींनी सोता पुण्याला नेऊन दिलं. म्हणाले, ह्या तपासणीची मान्यता त्या लॅबला हाय. आपल्याकडं त्याचं मशीनच कधी न्हवतं."

कधी नव्हतं! म्हणजे चुकलं काहीच नव्हतं. ओवीचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं, नुसता कागद छापून हातात दिला होता. आणि हा माणूस नातीची वेळ आली तेव्हा बरोबर मान्यतेची लॅब शोधत पुण्याला गेला. पुनमच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मोठ्यानं सांग," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू दे."

विजयश्री गांगरली, पण पुन्हा तेच बोलली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मागून एकीनं विचारलं, "मग आमच्या बंटीचं कुठं तपासलं?" दुसरी म्हणाली, "अन् माझ्या जुळ्यांचं?"

आवाज वाढला तसे उद्धवराव दारात आले. "काय कालवा लावलाय गं?"

पुनम उठली. तिनं ओवीला त्यांच्या पुढ्यात फरशीवर उभं धरलं, त्यांचे दोन्ही हात ओढले आणि पोरीच्या काखेत दिले. "अण्णा, धरा. आता सोडा बघू."

पोरीचे पाय लटलट कापत होते. उद्धवरावांना सोडवेना. ते मान वर करून तानाबाईकडं बघायला लागले, आता ही सुनेला आवरेल म्हणून. तानाबाई त्यांना उभ्या आयुष्यात भावजींखेरीज दुसरं काही म्हणाली नव्हती.

"माझ्याकडं काय बघतूस, उद्धवा?" ती म्हणाली. "धर. आमी रोज धरतोय."

ते वाकलेलेच राहिले. एकेक बाई आपलं लेकरू उचलून त्यांच्या बाजूनं बाहेर पडायला लागली.