वसुधाच्या यादीतलं तेविसावं घर

वसुधा गेल्याचं अख्ख्या गावात सगळ्यांत शेवटी कळलं ते मला. हे आधीच सांगून टाकते, कारण सहा आठवडे झाले तरी ते मनातून जात नाही. त्या सकाळी दूध आणायला गावातल्या एकुलत्या एक दुकानात गेले, तर काउंटरमागची बाई बाहेर आली आणि तिने चक्क माझा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत हवामानापलीकडे माझ्याशी एक शब्द न बोललेली बाई! म्हणाली, "सो सॉरी, लव्ह. तुम्हाला तर ती बहिणीसारखी." मी विचारलं, "कोण?" तिचा चेहरा उतरला. आदल्या दुपारी व्हिलेज हॉलमध्ये कॉफी मॉर्निंगसाठी खुर्च्या मांडताना वसुधा खाली कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव झाला, संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये प्राण गेला. रात्रीपर्यंत फोनाफोनी होऊन घराघरात कळलं, पण मला कोणीच फोन केला नाही. प्रत्येकाला वाटलं, हिला तर सगळ्यांआधी कळलं असणार... मला रडू आलं, नाही असं नाही. पण त्याआधी राग आला. म्हटलं, बघा, जातानासुद्धा हिने माझा नंबर शेवटीच लावला.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं आपल्याकडे म्हणतात. मला तसलं काही लिहायचं नाही. वसुधाबद्दल मला असूया होती. थोडीथोडकी नाही, चांगली सात वर्षं पोसलेली. आणि ती का होती ते कळायला आधी माझं दुखणं सांगायला हवं. आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, शेजारच्या टाउनमधल्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, जीपी, म्हणून आम्ही इंग्लंडमधल्या या गावात घर घेतलं. एक चर्च, एक पब, एक व्हिलेज हॉल, सव्वाशे घरं आणि बाकी सगळ्या मेंढ्या. पुण्यात इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली मी, मला वाटलं होतं, मी इथे चुटकीसरशी मिसळेन. कसलं काय! हॉलमधल्या खुर्च्या रचल्या, चहाच्या किटल्या विसळल्या, रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं विकली. पुस्तकात बघून व्हिक्टोरिया स्पंज केक शिकले. लोक गोड हसायचे, "हाऊ काइंड" म्हणायचे आणि आपापल्या घरी जायचे. बारा वर्षांत त्यांच्यापैकी एकाच्याही स्वयंपाकघरात मी बसले नव्हते. पण एक होतं, गावातली एकमेव भारतीय बाई मी होते. तेवढं तरी माझं होतं.

लाळ्या-खुरकुताच्या साथीत गावातल्या गोठ्यांवर अवकळा आली, त्याच्या पुढच्या वर्षी वसुधा आणि श्रीकांत इथे राहायला आले. तो इंजिनिअर, जवळच्याच एका कारखान्यात नोकरीला. ती अकोल्याची. माझ्याहून आठेक वर्षांनी लहान, गोल चेहऱ्याची, मोठ्याने हसणारी. खरं सांगते, मला मनापासून आनंद झाला होता. साजूक तुपातला शिरा घेऊन मी लगोलग भेटायला गेले. घरभर खोकी पसरलेली, तरी म्हणाली, "ताई, जेवूनच जा नं." मी नको म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं. चौथ्यांदा विचारलंच नाही, सरळ ताट वाढून आणलं. ज्वारीची भाकरी आणि पातोडीची रस्साभाजी. मी बोटं चाटून जेवले. आपल्यात असंच असतं ना... पहिलं नको हे नको नसतंच. पाहुण्याने नको म्हणायचं आणि घरच्याने सोडायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं.

मग सहा महिन्यांत ही बाई गावभर झाली. मागून आली आणि तिखट झाली! आमच्याकडे दर महिन्याला गावाचं एक वार्तापत्र निघतं. फोटोकॉपी केलेली पिवळी पानं, मध्ये दोन पिना. चर्चच्या वेळा, पॅरिश कौन्सिलची, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीची, कुरकुर, कोणाचं मांजर हरवलं, कोणाकडे जास्तीचे बटाटे आहेत. मार्गारेट नावाची निवृत्त मास्तरीण ते काढते आणि वेगवेगळ्या गल्ल्यांत वाटायला माणसं नेमते. त्याला इथे राउंड म्हणतात. राउंड मिळणं म्हणजे गावाने आपल्यावर शिक्का मारणं. आमच्या गल्लीचा राउंड करणाऱ्या म्हाताऱ्याचे गुडघे गेले, तेव्हा मी मार्गारेटला स्वतःहून म्हटलं होतं, मी करते. ती म्हणाली, "हाऊ काइंड." आणि राउंड दिला वसुधाला. तेवीस घरं. कोणालाही पाऊण तासाचं काम. हिला महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी निघून दिवेलागण व्हायची, कारण ही प्रत्येक घरात बसायची. टेडच्या फार्मवर चहा, त्याच्या पलीकडच्या जुळ्या बहिणींकडे केक, कोणाच्या कंबरेचा एक्सरे बघ, कोणाच्या नातवाचा फोटो बघ. सगळ्या बातम्या आपोआप हिच्या पदरात पडायच्या. शेवटी मार्गारेटने तिला वार्तापत्रात अख्खं पान दिलं. तिचं इंग्रजी म्हणजे... असू दे. मी आमच्या गल्लीतल्या जुन्या कुंपणझाडांवर दोन पानी लेख पाठवला होता, पुन्हा पुन्हा तपासून. तो चार ओळींचा होऊन छापून आला, वसुधाच्या पानाखाली, उरलेल्या जागेत. एम.ए. गेलं चुलीत.

गावाच्या प्रदर्शनाचंही तेच. उन्हाळ्याच्या शेवटी हॉलमध्ये लांब टेबलं मांडतात. गाजरं, डेलियाची फुलं, केक, जॅम. माझ्या स्पंजला आठ वर्षांत एकदाच "हायली कमेंडेड"चं, म्हणजे उत्तेजनार्थ, कार्ड मिळालं होतं, ते मी फ्रिजवर लावून ठेवलं होतं. हिने काय करावं? टेडच्या बागेत पडलेली ती आंबटढाण सफरचंदं उचलली आणि कैरीचा करतो तसा त्यांचा मेथांबा केला. पहिल्या बक्षिसाचं लाल कार्ड! परीक्षक बाई चमचा चाटत उभी, आणि वसुधा हॉलच्या त्या टोकापासून ओरडतेय, "ताई, ओ ताई, आपल्याला लाल कार्ड मिळालं बापा!" आपल्याला म्हणे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी काय केलं होतं त्यात? घरी येऊन फ्रिजवरचं ते कार्ड काढून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "अगं, तूही इंग्रजांचा केक करण्यापेक्षा आपला नारळीपाक करून बघ की." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पण सगळ्यांत झोंबायची ती वेगळीच गोष्ट. माझं घर चर्चच्या फाटकाला लागून, मार्गारेटच्या घरापासून दुसरं. म्हणजे गठ्ठा घेऊन निघालं की पहिलं घर माझंच. वसुधा सकाळी दहाला माझ्या खिडकीवरून जायची, खांद्याला ती अकोल्याच्या कुठल्याशा साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. हात हलवायची आणि तशीच पुढे निघून जायची. माझा अंक यायचा संध्याकाळी, सगळ्यांत शेवटी. तोवर त्यातली बातमी मला दुकानात दोघातिघांनी सांगून झालेली असायची. एकदाही मी विचारलं नाही की असं का. विचारायला हवं होतं. पण मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं की ही मला मुद्दाम खाली लेखते.

संध्याकाळी बेल वाजायची. "ताई, घ्या तुमचा पेपर." पाय दुखत असायचे तिचे, कळायचं. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. मी म्हणायचे, "चहा घेतेस?"

"नको ताई, उशीर होऊन राहिला."

"बरं," मी म्हणायचे आणि दार लावायचे.

दर महिन्याला हेच. ती नको म्हणून क्षणभर तिथेच थांबायची, पिशवीचा बंद नीट करायची, आकाशाकडे बघायची... आणि मी दार लावायचे. मला माहीत नव्हतं असं नाही. तिच्या घरी पहिल्या दिवशी मी किती वेळा नको म्हटलं होतं आणि ती किती वेळा थांबली नव्हती, हे मला चांगलं आठवत होतं. पण मी स्वतःला सांगायचे, आपण इंग्लंडमध्ये राहतो, इथे नको म्हणजे नको. सोयीची इंग्रज झाले होते मी तेवढ्यापुरती. बावीस घरांत बसून येते ना, मग माझ्याकडे कशाला आग्रह हवा? अशी सुडाची गंमत वाटायची त्यात. आता लिहिताना लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी तिची आई आजारी होती म्हणून ती महिनाभर अकोल्याला गेली आणि राउंड श्रीकांतने केला. हा माणूस म्हणजे मुलखाचा अबोल. संध्याकाळी दारात आला, अंक दिला. मी सवयीने म्हटलं, "चहा घेता?" तर तो एकदम "हो, घेतो" म्हणाला आणि बूट काढून आत येऊन बसला! अर्धा तास बसला. बोलला काही नाही, नुसता चहा प्यायला, दोन खारी खाल्ल्या आणि भिंतीवरचं घड्याळ बघत राहिला. निघताना म्हणाला, "बरं वाटलं." मी रात्री डॉक्टरांना म्हटलं, बायकोपेक्षा हाच सरळ आहे, आढेवेढे नाहीत. ते हसले नुसते.

अंत्यसंस्कार टाउनमधल्या क्रिमेटोरियममध्ये झाले. लंडनच्या ईलिंग आणि वेम्बलीहून श्रीकांतचे चार नातेवाईक आले होते, बाकी सगळा हॉल आमच्या गावाने भरलेला. टेड सूट घालून आला होता, गुरांचा वास येणारा का असेना, पण सूट. आणि आम्ही गावात परत आलो तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. घंटेच्या लोलकाला एका बाजूने चामडं बांधून वाजवतात, त्यामुळे एक ठोका मोठा आणि एक दबका येतो. गावातलं कोणी गेलं की तशी वाजवतात. अकोल्याच्या वसुधासाठी! मी गाडीत बसून ऐकत होते आणि मनात काय आलं असेल? मी गेल्यावर वाजवतील का? एवढंच आलं. त्या क्षणीसुद्धा.

पंधरा दिवसांनी मार्गारेट आली. म्हणाली, दुसरं कोणी मिळेपर्यंत राउंड कराल का? सात वर्षं ज्यासाठी जीव जळला तो राउंड असा आयता हातात आला, आणि हात पुढे होईना. संध्याकाळी श्रीकांत ती कापडी पिशवी देऊन गेला. "आत यादी आहे," म्हणाला. "मी केला होता ना एक महिना, तेव्हा तिने मला लिहून दिली होती. तुम्हाला उपयोग होईल." त्याने यादी वाचली होती, मी काय वाचणार हे त्याला माहीत होतं. माझ्याकडे न बघता निघून गेला.

वहीचं पान, चार घड्या. मराठीत, तिच्या गोलगोल अक्षरात. टेडकडे पेटी खालती आहे, वाकावं लागते. कुत्रा नाटकं करतो, चावत नाही. चहा म्हटला की लगेच हो म्हणजो, इंग्रज दुसऱ्यांदा विचारत नाहीत. जुळ्या बहिणींकडे केक कोरडा असते, तरी खाजो. असं करत करत बावीस घरं. आणि शेवटी:

"२३. नलिनीताई. यांचं घर आधी लागते, पण शेवटी जाजो, म्हणजे बसायला वेळ राहते. ताईही आता एकदाच विचारतात. तू पहिल्यांदाच हो म्हणजो. मला ताईंपुढे अजून जमत नाही."

मी ते पान किती वेळा वाचलं, सांगता येत नाही. टेडला ती पहिल्या शब्दाला हो म्हणायची. बावीस घरांत हो म्हणायची. इंग्रजांची रीत तिला माझ्याआधी कळली होती, मला बारा वर्षं जास्त मिळूनही! नको ती फक्त माझ्याच दारात म्हणायची. कारण परक्याला हो म्हणता येतं. नको म्हणून वाट बघायची ती आपल्या माणसाकडे. आणि मी दर महिन्याला, सात वर्षं, त्या बाईच्या तोंडावर दार लावलं... आणि हिने काय करावं? रागावावं, बोलावं, तोडून टाकावं? नाही. स्वतःला जमेना तर नवऱ्याला पाठवलं, माझा चहा प्यायला. या बाबतीतही मी तिच्यापुढे हरलेच. तिच्यासारखं मन मला का नाही मिळालं, याचाही आज हेवाच वाटतो. काय करू, जात नाही स्वभाव.

परवाच्या शनिवारी मी पहिल्यांदा राउंडला निघाले. टेडने दार उघडलं, पिशवी ओळखली, घसा खाकरला. म्हणाला, "कप ऑफ टी?" माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ओ नो, थँक यू." तो म्हणाला, "राइट यू आर," आणि दार लागलं. मी तिथेच उभी. पिशवीचा बंद नीट केला, आकाशाकडे बघितलं... आतून कुत्रा भुंकत होता. मग मी पुन्हा बेल वाजवली आणि म्हटलं, "घेते."

राउंड मी तिच्याच क्रमाने केला. सकाळी दहाला माझ्याच घरावरून पुढे गेले होते. संध्याकाळी पाय दुखायला लागले तेव्हा पिशवीत एक पिवळा अंक उरला होता, तो घेऊन माझ्या दारात आले, चौकटीला जरा टेकले आणि मग कुलूप उघडलं. माझा अंक अजून सगळ्यांत शेवटीच येतो.