मिरजगावचा टेम्पो अड्डा आणि माझं अर्थशास्त्र

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण यात मी शहाणा दिसत नाही. नगरच्या कॉलेजात जन्मभर अर्थशास्त्र शिकवल्यामुळे शहाणं दिसायची सवयच जडली होती.

माझा धाकटा मेहुणा मिरजगावला टेम्पो चालवायचा. तिथल्या अड्ड्यावर भाडं नंबराने मिळे. कुणी आजारी पडलं तर बाकीचे त्याचा नंबर धरून ठेवत. त्याची फेरी दुसरा मारी आणि पैसे त्याच्या घरी पोचवी. हे सगळं मेहुणाच बघायचा.

माझ्या एका विद्यार्थ्याने व्यापाऱ्यांना मोबाईलवरून टेम्पो मिळवून देणारं, भाड्याचं ॲप काढलं. अड्ड्यावर जाताना वजन पडावं म्हणून त्याने मला सोबत नेलं, आणि मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. टेम्पो वाढले की व्यापारी वाढतात, व्यापारी वाढले की टेम्पो, आणि जिथे सगळे जमतात तिथून कुणी हलत नाही, असा सिद्धांत मी टपरीपुढे उभं राहून झाडला. मेहुण्याने शांतपणे विचारलं, "दाजी, ह्यात आजारी मानसाचा नंबर कोन धरनार?"

"तू अड्डा चालवतोस की धर्मशाळा?" मी म्हणालो.

सगळे हसले. आठवडाभरात बहुतेकांनी ॲप घेतलं. मेहुण्यानेही घेतलं, दाजी खोटं कशाला सांगतील?

पुढे सगळं पुस्तकाबरहुकूम झालं. आधी कमिशन नाही, उलट बक्षिसं. रांग मोडली. व्यापारी अड्ड्यावर यायचे थांबले. आता कुणाला परत फिरायला जागा नाही असं दिसताच कमिशन चढलं. वाट अडवून जकात घ्यायचा हा जुनाच धंदा, पण आम्ही प्राध्यापकांनी त्याला यश म्हटलं आणि त्याचे आलेख काढले. विद्यार्थ्याचा सत्कार झाला, तेव्हा त्याचा गुरू म्हणून मीही गळ्यात हार घालून घेतला. इतका निर्लज्जपणा पगारात बसत नाही, तो अंगचाच असावा लागतो.

मेहुण्याला कावीळ झाली. तो महिना-दीड महिना अंथरुणावर होता. उठला तर ॲप भाडंच देईना. बंद राहिलेल्या गाडीला ते मागे ढकलतं. अड्ड्यावर जो तो आपल्या केबिनमध्ये मोबाईलवर डोळे लावून बसलेला. त्याने टेम्पो विकला.

गेल्या भाऊबीजेला बायकोबरोबर गेलो, ते माफी मागायची असं ठरवूनच. ओवाळणं झालं, आम्ही दोघंच ओसरीवर बसलो, आणि मी ॲप असं का वागतं ते त्याला समजावून सांगू लागलो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"व्हय दाजी," तो म्हणाला, "तुमी सांगताय म्हंजी बरोबरच आसंल."

तेव्हाही मला एवढं म्हणता आलं नाही, की त्या दिवशी अड्ड्यावर बरोबर तू होतास, आणि चारचौघांत हसं मी तुझं केलं.